जुन्या जीपचा आराखडा

मोटारीविषयी लिहिण्याचा धर्मगुरूला अधिकार काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात उमटला तर त्यात आश्चर्य नाही. आमचे शिक्षण तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान या विषयांतले. पाना आणि पकड यांच्याशी आमचा संबंध आला तो मराठवाड्यातील रस्त्यांच्या कृपेने. धाराशिव जिल्ह्यात ज्याने वीस-पंचवीस वर्षे खेडोपाडी जाऊन मिस्सा अर्पण केली, त्याला पंक्चर काढता येते, फॅनबेल्ट बदलता येतो आणि रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये हेही कळते. आज ज्या गोष्टीसंबंधी आम्ही लिहीत आहोत ती मात्र याहून मोठी आहे. चर्चच्या आवारात चिंचेखाली उभी असलेली जुनी महिंद्र जीप पुन्हा रस्त्यावर आणायची, असे आमच्या धर्मग्रामाने ठरविले आहे. काम अजून सुरू झालेले नाही. गेले आठ महिने चालू आहे ती केवळ आखणी, आणि त्या आखणीनेच आम्हाला पुष्कळ काही शिकवले आहे.

प्रथम या गाडीची कुळकथा सांगणे आवश्यक आहे. महायुद्ध संपले त्याच साली, १९४५ मध्ये, महिंद्र बंधूंची कंपनी स्थापन झाली आणि देश स्वतंत्र होत असताना तिने अमेरिकेतील विलीज कंपनीच्या जीपचे सुटे भाग आणून येथे जुळणी करण्यास आरंभ केला. आमची जीप ज्या घडणीची आहे ती घडण अमेरिकेत १९५३ साली आली. या घडणीचे बॉनेट पूर्वीच्या जीपपेक्षा उंच दिसते. त्याचे कारण शोभेचे नाही. नव्या इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वरच्या हेडमध्ये बसविले, त्यामुळे इंजिनची उंची वाढली आणि ते झाकण्यासाठी बॉनेटलाही वर सरकावे लागले. अमेरिकेने ही घडण १९६८ साली बंद केली. आपल्याकडे ती पुढेही कित्येक वर्षे निघत राहिली. पोलीस, पाटबंधारे खाते, वनखाते, दवाखाने आणि मिशन यांच्या दारी ती दिसे. नंतर हीच जात मराठवाड्यात काळ्या-पिवळ्या रंगात वडापचा धंदा करू लागली. पुढच्या बंपरवर उभे राहून तालुक्याला गेलेली माणसे अजून हयात आहेत.

आमची जीप १९७८ सालची. चार सिलिंडरचे, सुमारे २२०० सीसीचे पेट्रोल इंजिन, तीन गिअर, आणि चारही चाकांना ओढ देण्यासाठी वेगळा दांडा. पेट्रोल परवडेनासे झाले तेव्हा, १९९६ साली, तत्कालीन धर्मगुरूंनी तिच्यात डिझेल इंजिन बसवून घेतले. त्या काळी खेड्यातील निम्म्या जीपगाड्यांवर हीच शस्त्रक्रिया झाली. आमच्या पूर्वसूरींची दूरदृष्टी अशी, की त्यांनी तो बदल परिवहन कार्यालयात रीतसर नोंदवून घेतला, आणि काढलेले पेट्रोल इंजिन भंगारात न देता गोणपाटात गुंडाळून कोठीत ठेवले. २०११ पासून गाडी उभी आहे. नोंदणीचे नूतनीकरण मात्र कोणी ना कोणी करीत आले.

आखणीचा पहिला धडा आम्हाला मिस्त्रींनी दिला. त्यांना सारे चाचा म्हणतात, वय शहात्तर. पन्नास वर्षे त्यांनी ट्रक, जीप आणि ट्रॅक्टर यांवर हात चालविला. आम्ही त्यांना गाडी पाहायला बोलाविले तेव्हा ते गाडीकडे गेलेच नाहीत. ओट्यावर बसून म्हणाले, “फादर, आधी कागद दाखवा. लोखंडाचं काय, ते थांबतंय.” आरसी पुस्तक, विमा, कराच्या पावत्या त्यांनी एकामागून एक पाहिल्या, चेसिसचा क्रमांक वहीत उतरवून घेतला आणि मगच ते चिंचेखाली जाऊन आडवे झाले. चेसिसवरचा कोरलेला क्रमांक तारेच्या ब्रशने घासून वाचला. तो कागदाशी जुळला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा चहा घेतला.

कागदाचे महत्त्व वाचकांना सांगणे अगत्याचे आहे, कारण याबाबत समाजात फार गोंधळ आहे. पंधरा वर्षांची झाली की गाडी मोडीतच काढावी लागते, असा समज आमच्याच धर्मग्रामात घट्ट रुजलेला होता. सरकारी मालकीच्या वाहनांना एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांनंतर नूतनीकरण मिळत नाही हे खरे. दिल्ली परिसराचे नियमही निराळे आहेत. महाराष्ट्रातील खासगी गाडीला मात्र वयाची अशी फाशी नाही. तपासणीत ती उत्तीर्ण झाली पाहिजे आणि दर पाच वर्षांनी नोंदणी पुन्हा करून घेतली पाहिजे. हे शुल्क २०२२ साली सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले, आणि वीस वर्षांवरील मोटारींसाठी २०२५ साली दहा हजार झाले. आमच्या जीपचे नूतनीकरण २०२७ मध्ये येते. म्हणजे आखणीतील पहिली तारीख आमच्यासाठी परिवहन कार्यालयानेच घालून दिली.

दुसरी तारीख २०२८ ची. त्या वर्षी जीप पन्नास वर्षांची होईल. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षे लोटलेली आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी या वर्गात येते. तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी मिळते. शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षे. आमच्यातील तरुण मंडळी या पाटीने हरखून गेली. परंतु नियम अखेरपर्यंत वाचला तेव्हा सर्वांचे चेहरे उतरले. चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत बदल झालेली गाडी या वर्गात बसत नाही. आणि बसली तरी तिला रोजच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज गाड्यांची फेरी, इंधन भरणे, दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती बाहेर निघू शकते. म्हणजे मान मिळतो, पण चाल जाते. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची मेबॅक गाडी दसऱ्याच्या सोहळ्याला निघते तेव्हा हजारो लोक तिच्या दर्शनाला उभे राहतात. राजघराण्याच्या गाडीला ते शोभते. आमच्या जीपला दसरा नाही. तिला रविवारी तांड्यावर जायचे आहे, आजाऱ्याला तालुक्याच्या दवाखान्यात पोचवायचे आहे. तेव्हा सन्मानाच्या पाटीचा मोह आम्ही सोडला आणि साध्या नोंदणीवरच राहण्याचे ठरविले. दोन तरुण अजूनही आमच्यावर रुसलेले आहेत.

तथापि खरा प्रश्न याहून खोल होता, आणि तो कोणत्याही नियमात लिहिलेला नव्हता. गाडी पूर्ववत करायची म्हणजे नेमकी कोणत्या पूर्वीसारखी? सोलापूरचे एक जाणकार गृहस्थ, ज्यांच्यापाशी स्वतः जिवंत केलेल्या तीन गाड्या आहेत, त्यांचे मत निःसंदिग्ध होते: कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशी जशी होती तशी. तो रंग, तेच बोल्ट, तीच गादी. चाचांचे मत याच्या अगदी उलट: डिझेल इंजिन चालू स्थितीत आहे, तेच ठेवा, पत्रा बदला आणि कामाला लावा. एक १९७८ कडे जाऊ म्हणत होता, दुसरा आजच्या तारखेला. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते.

हा पेच सोडविला तो आमच्या एका आजींनी. सभेत त्या मागे बसल्या होत्या. पत्रा बदलण्याची गोष्ट निघताच त्या उठून म्हणाल्या, “फादर, मागचं फळकूट तेवढं बदलू नका. त्यावरच आमच्या माणसाला आणलं होतं.” सभा शांत झाली.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र सरून पहाटेचे चार वाजत आले होते. भूकंपाचे केंद्र लातूर जिल्ह्यातील किल्लारीजवळ होते, पण आपल्या जिल्ह्याची उमरगा बाजूची गावेही त्यात जमीनदोस्त झाली. आज लोहारा तालुक्यात असलेले सास्तूर त्यांपैकीच. सरकारी नोंदीप्रमाणे दोन्ही जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे दगावली. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि माळवदाची जड माती, हीच त्या झोपलेल्या माणसांवर आली. आम्ही तेव्हा सेमिनरीत शिकत होतो. तिसऱ्या दिवशी मदतीच्या तुकडीबरोबर आलो आणि याच जीपच्या मागच्या बाकावर बसून सास्तूरकडे गेलो. पाऊस पडत होता. आमच्या पायांशी रॉकेलचे डबे होते, कारण चितेसाठी आणलेली लाकडे ओली झाली होती. जीपचे मागचे फळकूट आडवे सोडून त्यावर दाराच्या फळ्या ठेवीत आणि त्या फळ्यांवर माणसे आणीत. काही जिवंत, काही नाही. एकदा तुळईसकट माणूस चढविताना फळकुटाची बिजागरी तुटली आणि पत्रा दुमडला. उमरग्याच्या एका वेल्डरने एक चौकोनी पट्टी लावून ते जोडून दिले. पैसे विचारले तेव्हा त्याने उत्तर दिले नाही, पुढच्या गाडीकडे वळला. ती पट्टी आजही तशीच आहे, ओबडधोबड, बोट फिरवले तर लागते.

आजींच्या त्या एका वाक्याने साल ठरले. जीप १९७८ ला न्यायची नाही आणि आजच्यासारखीही ठेवायची नाही. ती १९९३ कडे न्यायची. एवढे निश्चित झाल्यावर पुढचे निर्णय जणू आपोआप रांगेत उभे राहिले. १९९३ साली गाडीत पेट्रोल इंजिन होते, तेव्हा कोठीतील इंजिन बाहेर काढायचे. डिझेल इंजिन नंतरचे, ते चांगला गिऱ्हाईक पाहून विकायचे आणि आलेली रक्कम याच कामाला लावायची. रंग तेव्हा मिशनने स्वतः दिलेला राखाडी होता, कारखान्याचा नव्हे, तोच द्यायचा. पट्टी राहील. रंगारी ती घासून पुट्टीने सपाट करू पाहील, म्हणून त्याच्याशी करार करतानाच ही अट लिहून घ्यायची.

या ठिकाणी विरोधाचाही उल्लेख केला पाहिजे, कारण तो सद्‌हेतूने झाला. शाळेच्या सिस्टरांनी विचारले, “फादर, दुष्काळी भागात जुन्या गाडीवर लाखो रुपये?” त्यांनी दाखलाही मोठा दिला. १९६४ साली मुंबईत आंतरराष्ट्रीय युखॅरिस्टिक काँग्रेस भरली, तिला पोप पॉल सहावे आले होते. वापरासाठी मिळालेली पांढरी लिंकन मोटार त्यांनी निघताना मदर तेरेसांना देऊन टाकली, आणि मदरांनी तिची सोडत काढून तो पैसा कुष्ठरोग्यांच्या वसाहतीसाठी वापरला. आमची जीप आहे तशी विकली तरी हौशी लोक बरे पैसे देतील, हे सिस्टरांचे म्हणणे खरेच आहे. त्यावर आम्ही वाद घातला नाही. एवढेच ठरविले की दानपेटीतला एक पैसाही या कामाला लागणार नाही; माजी विद्यार्थ्यांनी खास याच कामासाठी दिलेले आणि डिझेल इंजिनाचे मिळून जे होईल त्यात भागवायचे. मर्यादा साडेतीन लाखांची. ती ओलांडली जाईल असे दिसताच जीप सिस्टरांच्या मार्गाने जाईल, असे कार्यवृत्तात लिहून आम्ही त्याखाली सही केली आहे. सिस्टरांनीही केली. त्या हिशेबात फार पक्क्या आहेत.

बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्च मोजावा, हा दृष्टांत आम्ही प्रवचनात कितीदा तरी सांगितला. मोजायचे कसे, हे चाचांनी शिकविले. त्यांनी गावोगाव सोडून दिलेल्या जुन्या गाड्यांची यादीच आमच्यापुढे ठेवली. बहुतेकांचा इतिहास सारखा: मालकाने उत्साहाच्या भरात एका रविवारी गाडी सगळी उकलली, भाग घमेल्यांत आणि खोक्यांत टाकले, पहिले पैसे रंगाला आणि गादीला घातले, ब्रेकपर्यंत पोचण्याआधी खिसा रिकामा झाला. सहा महिन्यांनी कोणता बोल्ट कुठला हे सांगणारा कोणी उरला नाही. म्हणून आमच्या वहीत क्रम उलटा आहे. आधी चेसिस. आमच्या कोरड्या हवेत कोकणासारखा गंज लागत नाही, हे सुदैव; पण काळी माती चेसिसच्या पोकळीत आणि पाट्यांच्या बुंध्याशी घट्ट बसते, पावसाळ्यात ओल धरते, आणि आतून लोखंड खाते. वरून धडधाकट दिसणारी चेसिस हातोडीने ठोकून पाहावी लागते. भरीव नाद आला तर पुढे जायचे, बद्द आवाज आला तर तेथेच थांबून विचार करायचा. चेसिस गेली तर बाकी साऱ्यावर खर्च व्यर्थ. त्यानंतर ब्रेक आणि स्टिअरिंग, मग इंजिन, मग वायरिंग, मग पत्रा. रंग सर्वांत शेवटी. जुन्या ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते, तेव्हा ड्रममधली धूळ हवेच्या नळीने उडवायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची, हे आम्ही वहीत लाल शाईने लिहिले आहे. चाचा त्यावर हसतात. पन्नास वर्षे त्यांनी ती फुंकरून उडविली. हल्ली त्यांना दम लागतो.

उकलण्यापूर्वी प्रत्येक सांध्याची छायाचित्रे घ्यायची, प्रत्येक बोल्ट पिशवीत घालून त्यावर चिठ्ठी बांधायची. हे काम आमच्या दहावीच्या मुलांकडे सोपविले आहे. मराठीत चिठ्ठ्या लिहिताना त्यांना नवी अडचण आली: निम्म्या भागांना गॅरेजमध्ये जे नाव आहे ते लिहायचे, की पुस्तकात आहे ते? आम्ही सांगितले, चाचा जे म्हणतात ते.

इंजिनासंबंधी दोन गोष्टी आधीच ठरवून ठेवाव्या लागतात, कारण एकदा ते जुळले की पुन्हा उघडणे महाग पडते. हे इंजिन शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातले. ते पेट्रोल २००० साली देशभर बंद झाले. शिशामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीला आपोआप संरक्षण मिळे, ते आता मिळत नाही. तेव्हा लेथवर बोअर करताना त्याच वेळी कठीण धातूच्या बैठका बसवून घ्यायच्या. दुसरी गोष्ट इथेनॉलची. आज पंपावर मिळते त्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपातील पडदा त्याने फुगतो, सैल पडतो. गाडी फार दिवस उभी राहिली तर इथेनॉल हवेतील पाणी ओढून घेते आणि टाकीला, कार्बोरेटरला गंज चढतो. ज्या उसाचा हा अर्क तो आमच्याच जिल्ह्याच्या शिवारातला, आणि तोच आमच्या जीपच्या नळ्या खाणार! उपाय अवघड नाही: इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आणि पडदा आताच मागवून ठेवणे, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी न ठेवणे. साध्या नोंदणीचा निर्णय येथेही उपयोगी पडला. चालती गाडीच टिकते.

सुटे भाग मिळतात. पुण्याचा जुना बाजार, मुंबईत कुर्ल्याची भंगाराची दुकाने, आणि थेट हरियाणातील डबवाली, जेथे जीप बांधणे हा गावाचा धंदाच आहे. भागांची यादी दोन रकान्यांत केली आहे. जे मिळाल्यावाचून गाडी उकलायची नाही असे, आणि जे मागाहून चालतील असे.

मग वेळापत्रक. येथे सारे गणित दोन ऋतूंवर अडते. ऊस गाळपाचा हंगाम सुरू झाला की जिल्ह्यातला प्रत्येक मिस्त्री आणि वेल्डर ट्रॅक्टरच्या मागे लागतो; मार्चपर्यंत त्याला श्वास घ्यायला सवड नसते. पावसाळ्यात हवा दमट, रंगावर पांढुरकी झाक येते. उन्हाळ्यात धुळीचे वारे ओल्या रंगावर बसतात. म्हणून एप्रिल ते जून इंजिन आणि चेसिस, पावसाळ्यात शेडखाली वायरिंग आणि जुळणी, आणि परतीचा पाऊस गेल्यापासून गाळप सुरू होईपर्यंतच्या दोन-तीन आठवड्यांत रंग. ती फट चुकली तर वर्ष गेले.

आणि वर्ष जाणे आम्हाला परवडण्यासारखे नाही. या जातीच्या इंजिनाचे व्हॉल्व्ह कानाने जुळविणारी माणसे आमच्या भागात फार उरलेली नाहीत. चाचांच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, दुसऱ्याचे व्हायचे आहे. आराखड्यात आम्ही एक ओळ घातली आहे जी सोलापूरच्या जाणकारांच्या आराखड्यात नव्हती: चाचांच्या दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन, जानेवारी. त्याचा खर्च साडेतीन लाखांच्या बाहेरचा, आणि त्यावर सिस्टरांनीही आक्षेप घेतला नाही. त्यांच्या शेजारी रोज दोन मुले बसतील, आयटीआयची. एकाने पाहायचे, दुसऱ्याने लिहून घ्यायचे.

तोवर एकच काम चाचांनी सुरू करू दिले आहे. कोठीतील पेट्रोल इंजिन जाम आहे. हाताने फिरत नाही. चारही प्लग काढून त्या भोकांतून त्यांनी डिझेल आणि इंजिन ऑइल यांचे मिश्रण ओतले आणि वर चिंधीचे बोळे लावले. पंधरा दिवस कोणी हात लावायचा नाही, रोज संध्याकाळी पातळी पाहून थोडे तेल वाढवायचे, असा हुकूम आहे. पंधराव्या दिवशी क्रँकला पाना लावून पाहायचे. सुटले तर बोअरवर भागेल, न सुटले तर ब्लॉक सोलापूरला न्यावा लागेल. आज नववा दिवस आहे. तिसऱ्या सिलिंडरमधले तेल कालपासून हळूहळू खाली उतरू लागले आहे.